डाव्याची बाग

मी झ्वोन्कोचा डावा हात.
एकाहत्तर वर्षं नुसतं धरून ठेवायचं काम केलं.
कोबी मी धरायचा, कापायचा तो.
खिळा मी धरायचा, हातोडा त्याचा,
आणि घाव चुकला तर अंगठा माझा.
पर्थच्या दक्षिणेला, स्पिअरवुडच्या या वाळूत
कांद्याच्या सरळसोट ओळी त्याने आखल्या;
दोरीचं दुसरं टोक कोण धरून होतं
हे कुणी विचारलं नाही.
डावलणं हा शब्द
माझ्याच नावावरून पडलाय, ठाऊक आहे मला.

मग मार्चमधल्या एका सकाळी
उजव्यातून कॉफीचा कप निसटला
आणि तो तिथेच थांबला.
आता मांडीवर असतो,
इस्त्री करून ठेवल्यासारखा.

मे महिन्यात मिर्ना नर्सरीतून बारा रोपं घेऊन आली.
कुंडीवरची पट्टी वाचत म्हणाली,
"बाबा, ऐका, जमिनीवर पसरते ही,
आणि हिच्या लॅटिन नावाचा अर्थ डावखुरी."
झ्वोन्को हसला, अर्ध्या तोंडाने.
मी मात्र
लग्नात कुणीतरी माहेरचं भेटावं
तसा पुढे झालो.

डाव्या हाताचा मळ, म्हणतात लोक.
म्हणणाऱ्यांनी एकदा खुरपं धरून बघावं.
इथली वाळू पाणी पीत नाही;
पाणी वरच्या वर गोळ्या होऊन पळतं, सांडलेल्या पाऱ्यासारखं.
तिला आधी मनवावं लागतं,
कुजलेला पाला, थोडी चिकणमाती, थोडा धीर.
आणि फॉस्फरसचं खत औषधालाही नको,
ते या रोपांना मानवत नाही.
कांद्यांना झ्वोन्को पोत्याने द्यायचा.
नेडाने उरलेलं पोतं शेजाऱ्याला देऊन टाकलं,
त्याला न विचारता.

बाराही खड्डे मी वाकडे काढले.
झ्वोन्को उलट्या क्रेटवर बसून बघत होता.
ओळीचा माणूस. राहवेना.
"नेडा, दोरी आण," म्हणाला,
आणि दोरी आल्यावर
दुसरं टोक धरायला कुणी नाही
हे आम्हा दोघांच्या एकदमच लक्षात आलं.
नेडा होती की समोर.
पण तिला कुणी म्हटलं नाही.

नोव्हेंबरपर्यंत फांद्या एकमेकींच्या अंगावर
खुशाल पाय टाकून पसरल्या.
कुठला खड्डा कुठे होता, आता मलाही सांगता येणार नाही.
वर सगळं जांभळं.
फूल म्हणजे पाच पाकळ्या, पाचही एकाच बाजूला,
उरलेली बाजू कुणी फाडून नेल्यासारखी.
येल्का, वय वर्षं सहा, म्हणाली, "मोडकी आहेत सगळी."
मग दोन फुलं खुडली, बुडाला बूड लावलं.
जुळलं की! पूर्ण गोल.
चिमूट सोडली, पुन्हा दोन डाव्या.
तिने परत जुळवलं
आणि जेवायला हाक येईपर्यंत तशीच बसून राहिली.
धरून ठेवायला कुणीतरी लागतंच, पोरी.

शेंडे मी नखांनी खुडतो,
खुडले की दाट होतात.
माझी नखं नेडा कापते. पूर्वी तो कापायचा,
घाईघाईत, करंगळीला हमखास लागायचं.
हल्ली लागत नाही.
चुकल्यासारखं वाटतं.

दुपारी तीनला समुद्राकडून वारा येतो,
इथले लोक त्याला डॉक्टर म्हणतात.
खऱ्यापेक्षा हा वेळेवर येतो.
तो आला की झ्वोन्कोची वामकुक्षी,
डाव्या कुशीवर, म्हणजे माझ्यावर.
जाग येते तेव्हा मी जड, बधिर, परका,
खांद्याला कुणाचं तरी सामान बांधल्यासारखा.
मग बोटांच्या टोकांत मुंग्या येतात.
त्या यायच्या आधीचं अर्धं मिनिट
मी उजवा असतो.

मुंग्या ओसरतात.
मी सरकत सरकत त्याच्यापाशी जातो,
धरतो. सवय आहे.
बाहेर एक फांदी पायवाटेवर आलीय.
उद्या खुडू.
नाहीतर नको,
पायवाट तशीही फार सरळ आहे.